दलदलदर्शनाचा तुलनात्मक तक्ता

कोणतीही गोष्ट पाहण्याआधी ती कशी पाहावी हे ठरवणं आवश्यक असतं, आणि ते नीट ठरवलं तर पुष्कळदा ती गोष्ट पाहण्याची गरजच उरत नाही. हे तत्त्व जगाला अजून पुरतं पटलेलं नाही. लोक अजूनही सकाळी उठतात, दिसेल त्या होडीत बसतात आणि पाणी बघून घरी येतात. अशा लोकांमुळेच देश मागे राहतात (कोणता देश, हे महत्त्वाचं नाही, प्रत्येकाने आपापला धरावा).

तक्तेसाहेबांचं तसं नव्हतं. ते चौतीस वर्षं एका मोठ्या कचेरीच्या खरेदी विभागात होते आणि त्यातली एकोणीस वर्षं विभागाचे प्रमुख. 'तक्तेसाहेब' हे त्यांचं खरं नाव नव्हे. कचेरीतल्या कुणीतरी ते चेष्टेने ठेवलं, आणि निवृत्तीच्या मानपत्रावर गंभीरपणे छापलं. टाचण्यांची डबी घ्यायची असली तरी तीन ठिकाणचे दरांचे देकार, त्यांचा तुलनात्मक तक्ता आणि तक्त्याखाली समितीच्या सह्या, हा त्यांचा शिरस्ता. त्यांच्या कारकिर्दीत एकही चुकीची खरेदी झाली नाही. (खरेदीच फारशी झाली नाही, असं काही नतद्रष्ट म्हणतात. पण दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात.)

आयुष्यात त्यांनी एकच निर्णय तक्त्याशिवाय घेतला होता. थोरल्या बहिणीला, म्हणजे आक्कांना, कमी दिसायला लागलं तेव्हा ते घाईघाईत घराजवळच्या एकाच डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, "वयोमान आहे." वयोमानाला इलाज नसतो म्हणून सगळे स्वस्थ बसले. आठ महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, की हे वयोमान नव्हे, डोळ्याच्या मागच्या पडद्याचा आजार आहे, आणि तुम्ही आठ महिने आधी आला असतात तर तो थोपवता आला असता. आता तीन-चार महिने. जे बघायचं असेल ते बघून घ्या.

तक्तेसाहेबांना हे फार लागलं. आई गेल्यावर आक्कांनीच त्यांना वाढवलं होतं, बोटाला धरून शाळेत पोचवलं होतं. घरी आल्यावर ते न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले, आणि बाहेर येऊन त्यांनी प्रतिज्ञा केली, की यापुढे आक्कांच्या बाबतीत एकही निर्णय तीन देकारांशिवाय घ्यायचा नाही. प्रतिज्ञा करताना पत्नी साक्षीला होत्या. त्यांनी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, याची नोंद नाही.

आक्कांना जे बघायचं होतं ते एकच होतं. त्यांचे यजमान पाटबंधारे खात्यात पाण्याची पातळी मोजायला होते, आणि त्यांची अकरा वर्षं एका दलदलीत गेली. तिथं एक नदी समुद्राकडे जाता जाता दमते आणि मैलोन् मैल पाय पसरून बसते. पाण्यात झाडं, झाडांत पाणी, आणि अधूनमधून खात्याने रोवलेले मोजणीचे खांब. यजमान वर्षातून दोनदा घरी यायचे आणि दर वेळी म्हणायचे, "सातव्या खांबापाशी एक जागा आहे. तुला एकदा दाखवीन." दाखवायचं राहून गेलं. यजमानही गेले, त्यालाही आता नऊ वर्षं झाली होती.

"बाळ्या, मला तेवढं एक बघू दे," आक्का म्हणाल्या. (चौतीस वर्षांच्या सेवेत तक्तेसाहेबांना 'बाळ्या' म्हणण्याचे अधिकार अन्य कोणास प्रदान करण्यात आले नव्हते.)

ठरल्याप्रमाणे चौघेजण दलदलीच्या काठच्या लॉजवर चार दिवसांसाठी उतरले: तक्तेसाहेब, त्यांची पत्नी, आक्का आणि फोनमधलं सगळं कळणारे जावईबापू. मुलगी आली नाही. तिला रजा मिळाली नाही असं ती म्हणाली, आणि म्हणताना फार आनंदात होती.

लॉजपासून पाच मिनिटांवर धक्का होता, आणि धक्क्यावर दलदल दाखवणाऱ्यांच्या चौदा टपऱ्या होत्या. 'शांत दलदल सफर' होती, तिच्या शेजारी 'अतिशांत दलदल सफर', तिच्यासमोर 'रोमांचक दलदल', पलीकडे 'मूळ दलदल', तिला शह म्हणून 'मूळ व एकमेव दलदल', आणि सगळ्यांच्या वर ताण म्हणून 'आद्य दलदल (आमची शाखा कोठेही नाही)'. कुणाकडे मोटारीची बोट, कुणाकडे वल्ह्याची, तर कुणाकडे पाठीमागे विमानाएवढा पंखा लावलेली. (पंख्याच्या बोटीत पक्ष्यांचे आवाज ऐकवले जात असत. त्यासाठी आधी कानात घालायला बोळे मिळत.) एकाकडे काचेच्या तळाची बोट होती. दलदलीचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं असल्याने प्रवाशांना काच स्पष्ट दिसे. 'रोमांचक'वाल्यांकडे मगरीची हमी होती: पहिल्या फेरीत मगर न दिसल्यास दुसरी फेरी फुकट, दुसऱ्या फेरीतही न दिसल्यास मगरीचा फोटो फुकट, आणि फोटोतही न दिसल्यास कार्यालयाशी संपर्क साधावा.

दर सगळ्यांचे सारखेच होते. त्यामुळे निवडीचं काम फारच कठीण झालं.

"सकाळी तिरकं ऊन असतं ना, तेव्हा मला जरा बरं दिसतं," आक्का म्हणाल्या. त्यांच्या नजरेच्या मधोमध काळा डाग बसला होता. कडेकडेनं दिसायचं, म्हणून त्या मान वाकडी करून बोलणाऱ्याच्या कानाकडे बघत. "सकाळची होडी बघ. उद्याचीच बघ."

तक्तेसाहेबांनी वही काढली आणि लिहिलं: लाभार्थीची सूचना क्र. १. विचाराधीन.

पहिला दिवस माहिती गोळा करण्यात गेला. जावईबापूंनी फोनवरून चौदाही सफरींचे मिळून दोन हजार तीनशे बारा अभिप्राय वाचून काढले आणि त्यांचं वर्गीकरण केलं. अठ्ठावन्न टक्के अभिप्राय स्वच्छतागृहाविषयी होते. तेवीस टक्के गाडी लावायच्या जागेविषयी, अकरा टक्के बोटीवरच्या माहितगाराच्या स्वभावाविषयी आणि सात टक्के हवेविषयी. उरलेला एक टक्का प्रत्यक्ष दलदलीविषयी होता, आणि त्यातल्या निम्म्या लोकांचं म्हणणं असं, की दलदल अपेक्षेपेक्षा ओली निघाली.

या माहितीवरून तेवीस रकान्यांचा तक्ता आखण्यात आला. छत आहे/नाही. बाक मऊ/कडक. माहितगाराचा आवाज. माहितगाराचे विनोद (प्रति तास). मगर दिसण्याची शक्यता. मगरीला आपण दिसण्याची शक्यता. प्रत्येक रकान्याला भारांक. ऊन तिरकं की सरळ, यासाठी रकाना नव्हता, कारण ऊन कुठल्याच सफरवाल्याच्या मालकीचं नव्हतं.

मग समिती. अध्यक्ष तक्तेसाहेब, तांत्रिक सदस्य जावईबापू, सदस्य पत्नी. आक्कांना समितीत घेता आलं नाही. सफर त्यांच्यासाठीच असल्यामुळे त्यांचे हितसंबंध गुंतलेले होते.

"अहो, पण बघायचंय त्यांना," पत्नी म्हणाल्या.

"म्हणूनच," तक्तेसाहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तक्तेसाहेबांनी चौदाही टपरीवाल्यांना छापील नमुना दिला आणि सायंकाळी पाचपर्यंत भरून मागितला. टपरीवाले भले लोक होते. 'अतिशांत'वाला म्हणाला, "साहेब, आधी बसा तर खरं. मग ठरवा."

"बसल्यावर ठरवण्यासारखं काय राहतं?" तक्तेसाहेबांनी विचारलं.  'अतिशांत'वाला एकटाच बोट घेऊन एक चक्कर मारून आला, तेव्हा त्याला बरं वाटलं.

नमुने वाटायला आणि घ्यायला सोयीचं म्हणून लॉजच्या मॅनेजरने धक्क्यावर एक टेबल, दोन खुर्च्या आणि मोठी छत्री लावून दिली. इथून प्रकरणाला निराळं वळण लागलं. छत्रीखाली टेबल, टेबलावर तक्ता आणि तक्त्यामागे चष्मा लावलेला गंभीर गृहस्थ दिसल्यावर येणारे-जाणारे थांबू लागले. "इथं चौकशी होते का?" असं एका कुटुंबाने विचारलं. तक्तेसाहेबांनी त्यांना तक्ता समजावून सांगितला. त्यात पाऊण तास गेला. कुटुंब इतकं प्रभावित झालं, की बोटीत न बसताच परत गेलं. जाताना गृहस्थ म्हणाले, "खरं सांगू का, आता बसून आणखी काय कळणार?"

दुपारपर्यंत टेबलापुढे रांग लागली. संध्याकाळी जावईबापूंनी फोन बघितला तर टेबलाच्या नावाने एकोणचाळीस अभिप्राय आले होते, आणि सरासरी पाचपैकी चार पूर्णांक आठ तारे. "दलदलीतलं सर्वांत चांगलं ठिकाण. सावली आहे." "पाय अजिबात भिजले नाहीत." "मुलांना फार आवडलं." एक तारा फक्त एकाने दिला होता. त्याच्या मते टेबलाजवळ स्वच्छतागृह हवं होतं.

आक्का त्या दिवशी सकाळी सातला तयार होऊन, पिशवीत पाण्याची बाटली घालून खोलीच्या दारात बसल्या होत्या. अकरा वाजता त्यांनी बाटली काढून ठेवली. ऊन सरळ झालं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी समितीची निर्णायक बैठक होती. लाभार्थीस बैठकीच्या वेळी बाहेर थांबण्याची विनंती करण्यात आली. आक्का भिंतीचा आधार घेत धक्क्याच्या टोकाला, जिथं टपऱ्या संपतात आणि चिखल सुरू होतो तिथं जाऊन बसल्या. तिथं एक बाई सपाट तळाची होडी पाण्यात लोटत होती. पन्नाशीची, कमरेला विळा खोचलेला. ती दलदलीतलं उंच गवत कापून आणायची आणि चटया विणणाऱ्यांना विकायची.

"मावशी, सांभाळून. तिथं निसरडं आहे," ती म्हणाली.

"तू आत कुठवर जातेस गं?"

"गवत चांगलं मिळेल तिथवर. हल्ली सातव्या खांबापर्यंत जावं लागतं."

आक्का उठून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मला नेशील?"

बाईने त्यांच्याकडे पाहिलं. वाकडी मान पाहिली. "बाक नाही हो बसायला. खाली बसावं लागेल, आणि येताना गवतावर."

"नऊ वर्षं झाली बाई, मी खालीच बसलेय," आक्का म्हणाल्या आणि हात पुढे केला.

बैठकीत इकडे वादळ उठलं होतं. 'मूळ व एकमेव' आणि 'आद्य' या दोन सफरींना सारखेच गुण पडले होते: एकाहत्तर पूर्णांक पाच. खोलात शिरल्यावर उलगडा झाला, की दोघांची बोट एकच होती. टपऱ्या दोन साडूंच्या. सकाळी बोटीला 'मूळ व एकमेव'ची पाटी लागे, दुपारी तीन वाजता 'आद्य'ची. बोट तीच, बाक तोच, माहितगार तोच आणि विनोदही तेच. (फक्त दुपारी ते थोडे थकलेले असत.)

"मग सकाळचीच घ्या ना," पत्नी म्हणाल्या. "आक्कांनी पहिल्या दिवसापासून सांगितलंय."

ही सूचना मोहक होती, पण तक्तेसाहेब मोहाला बळी पडणारे नव्हते. लाभार्थीची पसंती विचारात घेणं म्हणजे दोन समान देकारांपैकी एकाला झुकतं माप देणं. तसं करता येत नव्हतं. समान गुणांच्या बाबतीत नियम स्पष्ट होता: वर्णानुक्रम. 'आद्य' आधी, 'मूळ' नंतर. सबब, चौथा दिवस, दुपारचे तीन. पत्नींनी भिन्नमतपत्रिका जोडली. तिच्यात एकच शब्द होता आणि तो इतिवृत्तात घेण्यासारखा नव्हता.

निर्णय कळवायला तक्तेसाहेब बाहेर आले तर आक्का नाहीत. खोलीत नाहीत, व्हरांड्यात नाहीत.  ते अनवाणी धक्क्यावर धावले. टेबलापुढच्या रांगेतल्या लोकांनी त्यांना वाट दिली नाही, कारण नंबर लावल्याशिवाय पुढे जायचं नाही असा नियम तक्तेसाहेबांनीच घालून दिला होता. मॅनेजर शिट्टी फुंकत काठाने पळाला. चौदाही टपरीवाल्यांनी बोटी पाण्यात सोडल्या, आणि धक्क्यावरून पहिल्यांदाच तेराच्या तेरा बोटी एकाच दिशेला निघाल्या.

तेवढ्यात समोरून गवताचा एक हिरवा ढीग हळूहळू तरंगत आला. ढिगावर आक्का बसलेल्या होत्या. लुगड्याचा काठ भिजलेला, केसांत गवताची काडी, आणि चेहरा असा, की तक्तेसाहेबांना तो ओळखू यायला वेळ लागला. इतका आनंद त्यांनी त्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. त्यांनी गुडघाभर चिखलात जाऊन बहिणीचे दोन्ही हात धरले. 

"आक्का, अगं काय हे! जीव गेला होता माझा."

"बाळ्या, अरे मी बघितलं," आक्का म्हणाल्या. "ती जागा बघितली. ऐक, तिथं ना, ऊन जेव्हा—"

"लाइफ जॅकेट होतं का अंगात?"

"नव्हतं. अरे, ऐक तरी. त्या खांबाच्या पलीकडे गेलं ना, की एकदम—"

"छत? होडीला छत होतं?"

"आत्या, फोटो काढलेत का?" जावईबापूंनी विचारलं.

"फोटो कसला रे? डोळ्यांनी बघितलं. पाणी असं थांबलेलं होतं, आणि वर—"

"पाय ओले झालेत, आधी कोरडे करा बाई," पत्नी म्हणाल्या आणि टॉवेल घेऊन खाली बसल्या.

"किती वेळ लागला? जायला किती, यायला किती?" तक्तेसाहेबांनी वही उघडली होती. "माहितगार होता की ही बाईच? ती काही सांगत होती?"

"नाही. ती गवत कापत होती. मी बघत होते."

'माहितगार: शून्य', असं तक्तेसाहेबांनी लिहिलं. जॅकेट शून्य, छत शून्य, बाक शून्य, विनोद शून्य, पुरावा नाही. एकूण गुण शंभरपैकी चार. (हे चार होडी बुडाली नाही याचे.)

आक्कांनी मान वाकडी करून सगळ्यांच्या कानांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "राहू दे. चहा सांगा."

चौथ्या दिवशी दुपारी तीन वाजता समितीने ठरवलेली सफर ठरल्याप्रमाणे पार पडली. बाक मऊ होता. छत होतं. माहितगाराने तासाला अकरा विनोद केले. मगर दिसली, ती माहितगाराने दाखवली म्हणून. एरवी ती ओंडका आहे असंच वाटलं असतं, आणि होताही बहुधा ओंडकाच. जावईबापूंनी तीनशे सहा फोटो काढले. पत्नींनी दोन छत्र्या धरल्या. तक्तेसाहेब पूर्ण वेळ मांडीवरचा तक्ता भरत होते, त्यामुळे त्यांना वर बघायला सवड झाली नाही, तरीही समाधान पूर्ण होतं. आक्का डोळे मिटून बसल्या होत्या. "झोप लागली का?" असं विचारल्यावर म्हणाल्या, "नाही रे, काल बघितलेलं पुन्हा बघतेय. उगीच पुसलं जाईल." हे वाक्य कुठल्या रकान्यात घालावं ते न समजल्यामुळे वगळण्यात आलं.

डॉक्टरांनी तीन-चार महिने म्हटलं होतं. साडेतीन मिळाले, मग आक्कांना दिसेनासं झालं. डॉक्टरांचा अंदाज इतका बरोबर निघाला म्हणून तक्तेसाहेबांनी त्यांना दहापैकी नऊ गुण दिले, आणि त्या दिवशी पुन्हा नळ सोडून रडले. आता ते दर रविवारी आक्कांकडे जातात. गोळ्यांचे डबे लावतात, पंख्याला तेल घालतात, त्यांना काय हवं-नको ते तीन-तीनदा विचारतात. त्या सकाळी आक्का काय बघून आल्या हे तेवढं विचारायचं राहिलं आहे. तक्तेसाहेबांना विचारायचं नाही असं नाही. प्रश्नावली तयार होत आहे.

दरम्यान, ही सगळी हकिगत ऐकून लोकांचा प्रतिसाद उत्तम आला. आजवर दोनशे सतरा जणांना ती सांगण्यात आली. पैकी एकशे नव्वद जणांनी गवतवालीचा नंबर मागितला. बावीस जणांनी ती कुठल्या वेळी निघते, किती माणसं घेते आणि लहान मुलांना चालेल का, हे विचारलं. पाच जणांनी तक्त्याची प्रत मागितली. आपल्याही मनात यातलंच काहीतरी आलं असल्यास संकोच करू नये. सातव्या खांबाकडे जाणाऱ्या खऱ्याखुऱ्या होडीची चौकशी करणं हे रसिकतेचं लक्षण आहे.

तथापि गवतवालीकडे फोन नाही. आक्कांकडे आहे. त्या दिवसभर घरीच असतात आणि दुसऱ्या घंटेला उचलतात. त्यांनी त्या सकाळी काय पाहिलं, ते वरच्या मजकुरात कुठेही आलेलं नाही, आणि ते राहून गेल्याची तक्रार दोनशे सतरांपैकी एकानेही केलेली नाही. आपण धरून दोनशे अठरा.